नाव घ्या, नाव!

मराठी भाषेत नावाचा जितका वापर होतो तितका स्वयंपाकात मिठाचाही होत नसेल. बाराव्या दिवशी आपण मुलाचं नाव ठेवतो आणि तेराव्या दिवसापासून त्याला नावं ठेवू लागतो. दोन्हींमधला फरक, व्याकरणाच्या दृष्टीने पाहिलं तर, अवघ्या एका टिंबाचा. मुलाने पुढे नाव काढलं तर बापाची छाती फुगते; पण तोच मुलगा नव्या मोटारसायकलचं नाव काढतो तेव्हा त्याच छातीत कळ येते. सातबाऱ्यावर नाव चढवण्यात जन्म जातो आणि मतदारयादीतून ते गळायला एक दुपार पुरते. 'हे खोटं ठरलं तर नाव बदलीन' असं टेबलावर मूठ आपटून सांगणारे लोक मला शेकड्याने भेटले आहेत. गॅझेटातली नावबदलाची नोंद मात्र त्यांच्यापैकी एकानेही अजून आणून दाखवलेली नाही.

मी बँकेत कारकून आहे आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. सबब तत्त्वज्ञानाशी माझा संबंध बेताचाच. 'जमा' आणि 'नावे' या दोन बाजू दिवसाअखेर जुळल्या की मला मोक्ष मिळतो आणि मी पाच पन्नासची बस पकडतो. पण वीस वर्षं खिडकीमागे बसून एक गोष्ट मला कळली आहे. खात्यात पैसे कमी दिसले तर माणूस तक्रार करतो. नावात काना कमी दिसला तर तो भांडतो. आधार कार्डावर दत्तात्रय, पॅन कार्डावर दत्तात्रेय आणि पासबुकावर नुसताच दत्ता, असे तीन शिरांचे गृहस्थ एका देहात माझ्यापुढे उभे राहतात, आणि 'तुम्ही तुम्हीच आहात असं प्रतिज्ञापत्र घेऊन या' असं मला त्यांना सांगावं लागतं. 'कोऽहम्' हा प्रश्न ऋषिमुनींना अरण्यात जाऊन पडत असे. आमच्याकडे तो दहा ते चार या वेळात, जेवणाची सुट्टी वगळून, कोणालाही पडू शकतो.

अशा माणसाला डाल्टन ट्रम्बो या हॉलिवूडच्या पटकथालेखकाविषयी जिव्हाळा वाटला तर नवल नाही. कारण या गृहस्थाच्या आयुष्याची सगळी कथा नाव या दोन अक्षरांत मावते. त्याला दोन ऑस्कर मिळाली, तीही दुसऱ्यांच्या नावावर. आणि त्याचं स्वतःचं नाव गेलं ते कशामुळे? इतरांची नावं सांगायची त्याची तयारी नव्हती, म्हणून.

ट्रम्बो जन्मला १९०५ साली, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात. पुढे कुटुंब लॉस एंजलिसला आलं, वडील वारले, आणि हा थोरला मुलगा एका बेकरीत रात्रपाळीला लागला. लेखक व्हायचं होतं, म्हणून पावाच्या नोकरीत आठ-नऊ वर्षं काढली. (आमच्याकडे लेखक व्हायचं असलं की बँकेत नोकरी धरतात. पाव ताजा मिळतो एवढाच फरक.) तिथून तो चित्रपटधंद्यात शिरला. १९३९ साली त्याची 'जॉनी गॉट हिज गन' ही युद्धविरोधी कादंबरी आली आणि गाजली. १९४० सालच्या 'किटी फॉयल'च्या पटकथेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढच्या काही वर्षांत तो हॉलिवूडमधल्या सर्वांत महागड्या लेखकांपैकी एक झाला. एम. जी. एम. कंपनीशी त्याचा करार होता : आठवड्याला ३,००० डॉलर, किंवा एका पटकथेचे ७५,००० डॉलर. पटकथालेखकाला एवढे पैसे मिळतात हे वाचून मी चष्मा पुसला आणि शून्यं पुन्हा मोजली. शून्यं बरोबर होती.

या सुखी माणसाने १९४३ साली कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व घेतलं. तेव्हा अमेरिका आणि रशिया एकाच बाजूने लढत होते, त्यामुळे त्यात कोणाला फारसं वावगं वाटलं नाही. युद्ध संपलं, दोस्तीही संपली, आणि १९४७ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीने हॉलिवूडकरांना बोलावणं धाडलं. समितीचा अध्यक्ष होता जे. पार्नेल थॉमस. प्रश्न ठरलेला : 'तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा कधी होता का?' पक्ष कायद्याने बंद नव्हता. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न दाराआड उभाच होता : 'आणखी कोण कोण होतं?'

ट्रम्बोने आपल्या पटकथांचा गठ्ठाच बरोबर नेला होता. यात देशद्रोह कुठे आहे ते दाखवा, असं त्याचं म्हणणं. अध्यक्षांना पटकथांत रस नव्हता. त्यांना 'हो' किंवा 'नाही' हवं होतं. बऱ्याच प्रश्नांना नुसतं हो-नाही असं उत्तर एक मूर्ख देऊ शकतो नाहीतर गुलाम, अशा अर्थाचं काहीतरी ट्रम्बोने सुनावलं आणि त्याला साक्षीच्या खुर्चीवरून उठवण्यात आलं. अशी उत्तरं नाकारणारे एकंदर दहाजण निघाले. महिन्याभरात चित्रपट कंपन्यांचे मालक न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जमले आणि या दहाजणांना यापुढे काम नाही, असं त्यांनी जाहीर केलं. काळी यादी म्हणतात ती इथून सुरू झाली. पुढे त्या यादीत शेकडो नावं चढली. गंमत बघा, चित्रपटाच्या सुरुवातीला जी नामावली येते तिच्यातून एकेक नाव गळत होतं आणि या दुसऱ्या नामावलीत न मागता चढत होतं.

इथे मला एक गोष्ट प्रथम कळेना. समितीला ही नावं हवी होती कशाला? पोलिसांना नाव हवं असतं ते आरोपी सापडत नाही म्हणून. पण हॉलिवूडच्या कम्युनिस्टांची नावं सरकारकडे आधीपासून होती. गुप्त पोलिसांनी पक्षाच्या सभासदांची माहिती कधीच गोळा करून ठेवली होती. मग साक्षीदाराच्या तोंडून तीच नावं पुन्हा ऐकण्याचा हा हव्यास कसला?

उत्तर मला आपल्याकडच्या लग्नात सापडलं. नवऱ्या मुलाचं नाव पत्रिकेत छापलेलं असतं, कार्यालयाच्या कमानीवर फुलांनी लिहिलेलं असतं, पानावर वाढलेल्या जिलबीच्या ताटालाही ते ठाऊक असतं. तरीसुद्धा नवी नवरी उंबरठ्याशी आली की दहा बायका दार अडवून उभ्या राहतात आणि म्हणतात, 'नाव घ्या, नाव!' त्यांना काय ते नाव माहीत नसतं? त्यांना माहिती नकोच असते. त्यांना ते तिच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. नाव घेतलं म्हणजे ती आता या घरची झाली, इतकाच त्याचा अर्थ. घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडू देत नाहीत.

वॉशिंग्टनच्या समितीचा कारभार नेमका हाच होता, फक्त हळदीकुंकू नव्हतं. ज्याला पुन्हा चित्रपटांत काम हवं असेल त्याने आपल्या जुन्या मित्रांची नावं घ्यावीत, म्हणजे तो आता 'या घरचा' झाला. माहितीची किंमत शून्य. नमण्याची किंमत पूर्ण. आणि आपल्या उखाण्यात यमक तरी असतं.

१९५१ साली लॅरी पार्क्स नावाचा नट समितीपुढे आला. अल जोल्सन या गायकाच्या भूमिकेमुळे तो घराघरांत पोचलेला होता. त्याने स्वतःपुरतं सगळं कबूल केलं : होतो मी सभासद, आता नाही. मग त्याने हात जोडले, की माझ्याविषयी काय हवं ते विचारा, पण दुसऱ्यांची नावं घ्यायला लावून मला चिखलात लोळवू नका. समितीने ऐकलं नाही. शेवटी बंद खोलीत त्याने नावं दिली. एवढं करून त्याला काम मिळालं म्हणाल, तर जवळजवळ नाहीच. उंबरठ्यावर उखाणाही घेतला आणि दारही उघडलं नाही, अशी त्याची गत झाली.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं अवघड काय आहे? सज्जन माणूस चहाडी करत नाही, संपलं. मीही असंच म्हणत असे. पूर्वी मी ज्या शाखेत होतो तिथल्या सूचनाफलकावर एकदा कोणीतरी साहेबांची आरती लिहून चिकटवली. साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावून 'नाव सांगा' म्हणून फर्मावलं. आम्ही अकराजण होतो आणि अकराही जणांना नाव ठाऊक होतं. साहेबांनाही असावं, कारण आरतीतलं शुद्धलेखन रोजच्या व्हाउचरांवरून त्यांच्या परिचयाचं होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. त्या संध्याकाळी समोरच्या हॉटेलात बटाटेवडे खाताना आम्ही एकमेकांकडे स्वातंत्र्यसैनिकांच्या नजरेने पाहत होतो. पण मी पडलो हिशेबाचा माणूस. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्या मौनाची किंमत काढून पाहिली. साहेबांचा दोन दिवसांचा रुसवा, फार तर एक रजा नामंजूर. पगार चालू, बोनस चालू, कोणाच्या मुलाला शाळेतून कोणी काढलं नव्हतं. एवढ्या स्वस्तात मिळालेलं धैर्य सेलमधल्या सदऱ्यासारखं असतं. अंगावर शोभतं, पण एका धुण्यात त्याचं काय होईल ते सांगता येत नाही.

ट्रम्बोचं धैर्य धुऊन, पिळून, वाळत घालून तपासलं गेलं. संसदेचा अवमान केल्याबद्दल त्याला एक वर्षाची शिक्षा आणि १,००० डॉलर दंड झाला. १९५० साली सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला, आणि बायको नि तीन मुलं मागे ठेवून तो केंटकीतल्या अ‍ॅशलंडच्या तुरुंगात गेला. सुमारे दहा महिने त्याने तिथे काढले.

याच सुमारास न्यायदेवतेला विनोद सुचला. समितीचा अध्यक्ष जो थॉमस, त्याच्यावर अफरातफरीचा खटला झाला. जी माणसं कामाला येतच नव्हती त्यांची नावं त्याने आपल्या कचेरीच्या पगारपत्रकावर चढवली होती आणि त्यांचा पगार स्वतःकडे वळवला होता. ग्रँड ज्युरीपुढे उत्तरं द्यायला त्यानेही नकार दिला. शेवटी त्याची रवानगी झाली डॅनबरीच्या तुरुंगात, आणि पुढे तिथेच कैदी म्हणून कोण आलं, तर त्यानेच अडकवलेल्या दहापैकी दोन लेखक, रिंग लार्डनर ज्युनिअर आणि लेस्टर कोल! आणखी एक. या थॉमसचं जन्मनाव फीनी. ते त्याने तरुणपणीच बदलून घेतलं होतं. म्हणजे नाव बदलीन म्हणून खरोखर बदलणारा एक तरी माणूस मला सापडला.

पगारपत्रकं तपासण्यात ज्याची वीस वर्षं गेली त्याला या योगायोगापुढे हात जोडावेसे वाटतात. थॉमसच्या यादीत नावं होती, पण काम नव्हतं. तुरुंगातून सुटल्यावर ट्रम्बोच्या नशिबी आलं ते काम, पण नाव नाही. दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर आमच्या ऑडिटरला घेरीच आली असती.

कारण आता ट्रम्बो बेनामी झाला होता. आपल्याकडे १९८८ सालापासून बेनामी व्यवहारांविरुद्ध कायदा आहे. एकाचा पैसा आणि दुसऱ्याचं नाव, अशी त्याची ढोबळ कल्पना. इथे एकाची बुद्धी आणि दुसऱ्याचं नाव होतं. काही काळ मेक्सिकोत, मग पुन्हा लॉस एंजलिसात, हा माणूस रात्र रात्र जागून पटकथा पाडत होता. पूर्वी जिचे ७५,००० डॉलर मिळत तिचे आता काही हजार मिळत. 'सॅम जॅक्सन' हे त्याचं असंच एक नाव. टोपणनाव आपल्याला नवीन नाही. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे शाळेतलं पोरही सांगतं. आपल्या संतांनी तर अभंगाच्या शेवटच्या चरणात नाव ओवून सही-शिक्क्याचीच सोय करून ठेवली. पण त्या टोपणाखाली कोण आहे हे सगळ्यांना माहीत असण्यातच गोडी. ट्रम्बोचं टोपण उघडलं तर चूल बंद. सॅम जॅक्सनच्या नावचा चेक माझ्या खिडकीवर आला असता, तर फोटो, पत्ता आणि ओळखदार यांच्याअभावी मी तो नक्की परत केला असता आणि नियमाप्रमाणे काम केल्याचं समाधान मानून घरी गेलो असतो. नियम पाळणाऱ्या सज्जनांमुळे जगात किती चुली थंड राहतात याचा आकडा कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

हे सगळं लेखन तो करायचा न्हाणीघरात. टबमध्ये गरम पाणी, आडवी टाकलेली फळी, फळीवर कागद, ओठांत सिगारेट, आणि खांद्यावर कर्क डग्लस या नटाने भेट दिलेला पोपट. त्याच्या गावी, ग्रँड जंक्शनला, त्याचा पुतळा आहे तोसुद्धा टबात बसलेला. आमच्याकडे न्हाणीघरात सात मिनिटं झाली की बाहेरून 'पाणी जाईल!' असा पुकारा होतो, त्यामुळे मराठी वाङ्मयाचं केवढं नुकसान झालं आहे याचा संशोधकांनी विचार करावा. पण या टबाकडे पाहून हसताना मला त्याच्या मुलांची आठवण येते. शाळेत 'वडील काय करतात?' असं विचारलं की आमची मुलं 'बँकेत आहेत' म्हणून मोकळी होतात. ट्रम्बोच्या मुलांना वडील काय करतात ते पक्कं ठाऊक होतं आणि तेच बोलायची चोरी होती. बापाने नावं सांगितली नाहीत. मुलांना बापाचं काम सांगता येईना.

तुरुंगात जायच्या आधीच त्याने एक कथा लिहिली होती. ती इयन मॅक्लेलन हंटर या मित्राने आपल्या नावावर विकून दिली. तीच 'रोमन हॉलिडे'. १९५३ साली चित्रपट आला, ऑड्री हेपबर्न रातोरात तारका झाली, आणि उत्कृष्ट कथेचं ऑस्कर हंटरला मिळालं. पुढे तो बिचारा स्वतःच काळ्या यादीत गेला. ही कथा आठवून पाहा. एक राजकन्या आपलं नाव लपवून रोम शहरात एक दिवस मनमुराद हिंडते. एका बातमीदाराला तिचं खरं नाव कळतं. ते छापलं तर त्याला ५,००० डॉलर मिळणार आहेत, आणि खिशात तर भाडं द्यायलाही पैसे नाहीत. आणि तो छापत नाही. इतकी वर्षं आपण त्याला प्रेमकथा समजून रुमाल भिजवले. मला आता तिच्यात एका साक्षीदाराची गोष्ट दिसते, ज्याने नाव घेतलं नाही.

१९५७ च्या ऑस्कर समारंभात तर बहारच झाली. 'द ब्रेव्ह वन' नावाचा चित्रपट होता. मेक्सिकोतला एक मुलगा आणि त्याचा लाडका बैल यांची गोष्ट. तिच्या लेखकाचं नाव पुकारलं गेलं : रॉबर्ट रिच. कोणी उठेना. लेखकसंघाचा उपाध्यक्ष जेसी लास्की ज्युनिअर लगबगीने व्यासपीठावर गेला आणि माझ्या या मित्राची बायको बाळंत होते आहे, तो तिच्याजवळ आहे, असं सांगून बाहुली घेऊन आला. दुसऱ्या दिवशी शोध सुरू झाला. संघाच्या वहीत या नावाचा सभासदच नाही! नाव निघालं निर्मात्यांच्या नात्यातल्या एका तरुणाचं, आणि लेखक निघाला ट्रम्बो. पण तो लगेच कबूल करीना. वार्ताहर विचारत, 'तुम्हीच का हो रॉबर्ट रिच?' तो हो म्हणेना, नाही म्हणेना. उलट 'अमक्याला विचारा, तमक्याला विचारा' असं सुचवून त्याने सगळ्या गावालाच संशयित करून सोडलं. दहा वर्षांपूर्वी हो-नाही न म्हटल्याबद्दल जो तुरुंगात गेला, तोच आता हो-नाही न म्हणून काळ्या यादीची खिल्ली उडवत होता. बंदी घातलेल्या माणसालाच बक्षीस जात असेल तर बंदीत राहिलं काय? १९५९ च्या जानेवारीत अ‍ॅकॅडमीने आपला बंदीचा नियम मागे घेतला, आणि ट्रम्बोने 'मीच तो रिच' असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी ऑटो प्रेमिंजरने 'एक्झोडस'ला आणि कर्क डग्लसने 'स्पार्टाकस'ला त्याचं खरं नाव लावलं. 'स्पार्टाकस'मध्ये रोमन सेनापती हरलेल्या गुलामांना म्हणतो, तुमच्यातला स्पार्टाकस कोण ते दाखवा, तुम्हाला जीवदान देतो. तेव्हा एकेक गुलाम उठतो आणि दुसऱ्याकडे बोट न दाखवता, 'मीच स्पार्टाकस' म्हणून उभा राहतो. तेरा वर्षांनी परत मिळालेलं नाव या प्रसंगाच्या चित्रपटाला लागावं, हा उखाणा उत्तम जमला.

बाकीच्या नोंदी मात्र सावकाश झाल्या. 'द ब्रेव्ह वन'ची बाहुली ट्रम्बोच्या हातात पडली १९७५ साली. १९७६ साली तो वारला. 'रोमन हॉलिडे'ची बाहुली १९९३ साली त्याच्या पत्नीला, आमच्या भाषेत नॉमिनीला, देण्यात आली. आणि त्या चित्रपटाच्या पटकथेच्या श्रेयात त्याचं नाव लेखकसंघाने अधिकृतपणे घातलं ते २०११ साली. म्हणजे नावातल्या दुरुस्तीला ५८ वर्षं लागली. आमच्याकडे सात आठवडे लागले तर गिऱ्हाईक थेट मुख्य कचेरीला पत्र लिहितं.

आता एवढं पुराण सांगितल्यावर ट्रम्बोला मखरात बसवून आरती ओवाळली म्हणजे लेख संपला, असं तुम्हाला वाटेल. पण त्याच्या खात्यात एक उलटी नोंद आहे आणि ती लपवली तर मी कसला कारकून! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याला काही वाचकांची पत्रं आली. त्याची युद्धविरोधी कादंबरी हिटलरचा कैवार घेणाऱ्या मंडळींना फार आवडली होती. ट्रम्बोने काय करावं? ती पत्रं त्याने एफ. बी. आय.च्या कानावर घातली. चौकशीला दोन अधिकारी घरी आले, तेव्हा त्यांना पत्रलेखकांपेक्षा खुद्द ट्रम्बोमध्येच जास्त रस आहे असं त्याच्या लक्षात आलं. नावं न सांगणाऱ्यानेही एकदा नावं सांगितली होती. हे त्याने स्वतःच १९५९ साली त्या कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं, हा त्याचा मोठेपणा. पण नोंद ती नोंद.

मला वाटतं, प्रत्येक माणसाजवळ दोन प्रकारची नावं असतात. एक त्याचं स्वतःचं. ते त्याच्या बचत खात्यात आहे. त्याने ते वाढवावं, उधळावं, गहाण टाकावं, त्याची मर्जी. पण दुसरी नावं असतात मित्रांची, सोबत्यांची, विश्वासाने जवळ बसून बोललेल्यांची, आणि पत्र लिहिणाऱ्या अनोळखी वाचकांचीसुद्धा. ती आपली मालमत्ता नव्हे, ती अनामत. ठेवीदाराला न विचारता त्याच्या ठेवीतून स्वतःचं कर्ज फेडणाऱ्याला आमच्याकडे सरळ बडतर्फ करतात. समिती लोकांना नेमकं हेच करायला सांगत होती : तुमची नोकरी, तुमचं घर, तुमच्या मुलांच्या फिया वाचवायच्या आहेत ना? मग दुसऱ्याच्या खात्यातून काढा. खरोखरच खून-दरोडा होत असता तर गोष्ट वेगळी. तिथे नाव लपवणं हाच गुन्हा. इथे कोणी काही चोरलं नव्हतं. ट्रम्बोने आपलं स्वतःचं खातं रिकामं केलं आणि अनामतीला हात लावला नाही. उगाच नाही आमच्या वहीत खर्ची बाजूला 'नावे' म्हणत.

पण ज्यांनी हात लावला त्यांचं काय? १९७० साली लेखकसंघाने ट्रम्बोचा सन्मान केला. तेव्हाच्या भाषणात तो म्हणाला, त्या काळात नायक आणि खलनायक शोधत बसू नका. तिथे फक्त बळी होते. तुरुंगात त्याच्यासारखाच गेलेला लेखक आल्बर्ट माल्ट्झ यावर खवळला. नावं देणारे आणि नावं न देता भोगणारे एका पंक्तीला कसे बसवता? हा वाद या मंडळींबरोबर संपला नाही. १९९९ साली दिग्दर्शक एलिया कझानला मानाचं ऑस्कर दिलं. त्याने १९५२ साली समितीला नावं दिली होती. सभागृहात काही उभे राहून टाळ्या वाजवत होते, काही हाताची घडी घालून बसून राहिले.

मी कोणाच्या बाजूला? माल्ट्झचं खरं आहे. ठेव राखणारा आणि ठेव मोडणारा एका रकान्यात मांडता येणार नाहीत, ताळेबंद चुकेल. पण ट्रम्बोचंही खरं आहे. वहीत नोंद करणं वेगळं आणि खिडकीतून गिऱ्हाइकावर ओरडणं वेगळं. नोंद ठेवावी, नावं ठेवू नयेत. लॅरी पार्क्सला भित्रा म्हणण्याचा हक्क फार तर त्याला, जो त्या खुर्चीवर बसून आला. आम्ही बटाटेवडेवाल्यांनी जरा जपून बोलावं. इतरांची नावं न सांगणं ट्रम्बोला पहिल्या झटक्यात जमलं नव्हतं, दुसऱ्या खेपेला जमलं. नावं सांगणाऱ्यांना नावं न ठेवणं जमायला १९७० साल उजाडलं. दुसरं बहुधा जास्त अवघड असावं, कारण त्याला टाळ्या कमी पडतात.

माझ्या घरकर्जाचे अकरा वर्षांचे हप्ते बाकी आहेत. उद्या कोणी मला खुर्चीवर बसवून 'नाव घ्या, नाव!' म्हणालं तर माझं काय होईल, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हे मी घरी बोलून दाखवलं, तर आमची ही शेंगा सोलता सोलता म्हणाली, "तुम्ही नका काळजी करू. माझ्या मामेभावाचं नाव लग्नाला अठरा वर्षं झाली तरी तुम्हाला आठवत नाही. तुम्ही कोणाचं सांगणार?"